खटला नाही, मुदतही नाही: अमेरिकी नागरिकांच्या लष्करी कैदेची पार्श्वभूमी

डोळ्यांवर काळा केलेला गॉगल, कानांवर आवाज अडवणारे जाडजूड हेडफोन, हातापायांत बेड्या आणि दोन्ही बाजूंना हेल्मेट घातलेले पहारेकरी. दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनच्या नौदल तुरुंगातल्या एका कैद्याची ही छायाचित्रं २००६ च्या अखेरीस बाहेर आली. एवढा बंदोबस्त करून त्याला नेत कुठे होते, तर दाताच्या उपचारांना.

कैद्याचं नाव होझे पाडिला. जन्म ब्रुकलिनचा, म्हणजे जन्मानेच अमेरिकी नागरिक. मे २००२ मध्ये शिकागोच्या विमानतळावर त्याला पकडलं, ते कागदोपत्री साक्षीदार म्हणून. जूनमध्ये न्यायालयातली सुनावणी दोन दिवसांवर आली असताना राष्ट्राध्यक्ष बुश यांनी त्याला 'शत्रुयोद्धा' ठरवलं आणि तो लष्कराच्या ताब्यात गेला. पुढची पावणेदोन वर्षं त्याला वकील भेटू शकला नाही. आरोपपत्र नाही, खटला नाही, सुटकेची तारीख नाही. स्वतःच्या नागरिकाला लष्कराने असं किती दिवस ठेवावं?

हा प्रश्न तिथे पहिल्यांदा पडला असंही नाही. १९ फेब्रुवारी १९४२ ला रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा आदेश काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या माणसांना छावण्यांत हलवण्यात आलं. त्यांतले दोनतृतीयांश अमेरिकी नागरिक होते. ओकलंडचा वेल्डर फ्रेड कोरेमात्सु गेला नाही. त्याने नाव बदललं, चेहरा ओळखू येऊ नये म्हणून डोळ्यांवर शस्त्रक्रियाही करून घेतली, तरी पकडला गेलाच. मग त्याला ठेवलं टॅनफोरनच्या रेसकोर्सवर, घोड्याच्या तबेल्यात.

तुरुंगात त्याला भेटायला गेले ते अर्नेस्ट बेसिग, एसीएलयू या नागरी हक्क संघटनेच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेचे प्रमुख. त्यांच्या न्यूयॉर्कच्या मुख्यालयात मात्र रूझवेल्टना मानणारी मंडळी बरीच होती. मूळ आदेशालाच आव्हान देऊ नका, असं त्यांनी बेसिगना कळवलं. बेसिगनी ऐकलं नाही. हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेलाही युद्धकाळात घरातूनच अडवलं जातं, हे या प्रकरणात स्वच्छ दिसतं. डिसेंबर १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कोरेमात्सु ६ विरुद्ध ३ मतांनी हरला. या निकालातली तत्त्वं भरलेल्या बंदुकीसारखी पडून राहतील, ज्याला हवी तो उचलेल, असा इशारा न्यायमूर्ती जॅक्सन यांनी विरोधी निकालपत्रात दिला होता.

बंदूक उचलायला फार वेळ लागला नाही. कम्युनिस्टांच्या धास्तीने काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, १९५० मध्ये, ट्रूमन यांचा नकाराधिकार झुगारून, आणीबाणीत संशयितांना स्थानबद्ध करण्याचा कायदा केला. तो प्रत्यक्ष कधी वापरला गेला नाही, पण छावण्यांतून आलेल्या जपानी-अमेरिकनांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता. त्यांच्या संघटनेने तो रद्द करण्याची मोहीम चालवली, काँग्रेसमध्ये इनोये आणि मात्सुनागा यांनी ती पुढे नेली, आणि सप्टेंबर १९७१ मध्ये निक्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली: काँग्रेसच्या कायद्याचा आधार असल्याशिवाय कोणाही नागरिकाला डांबून ठेवता येणार नाही. (त्याच वर्षी आपल्याकडे मिसा आला. आपल्या राज्यघटनेत प्रतिबंधक स्थानबद्धतेला जागाच ठेवलेली आहे, त्यामुळे तिथल्या वादाची धार आपल्याला पटकन जाणवत नाही.)

मेख 'आधार असल्याशिवाय' या शब्दांत होती. ११ सप्टेंबरनंतर आठवड्याभरात काँग्रेसने लष्करी बळ वापरण्याची परवानगी दिली आणि सरकार म्हणालं, हाच तो आधार. जून २००४ मध्ये यासर हमदी या दुसऱ्या अमेरिकी नागरिकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे बऱ्याच अंशी मान्य केलं. पण हमदी अफगाणिस्तानात पकडलेला होता, आणि त्यालाही तटस्थ अधिकाऱ्यापुढे बाजू मांडू द्यावीच लागेल, असं सांगितलं. युद्ध म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या हाती दिलेला कोरा धनादेश नव्हे, असं न्यायमूर्ती ओकॉनर यांनी लिहिलं. पुराणमतवादी स्कालिया तर त्याहून पुढे गेले: खटला भरा, नाहीतर काँग्रेसकडून हेबियस कॉर्पस, म्हणजे कैदेला न्यायालयात आव्हान देण्याचा हक्क, तहकूब करून घ्या. या लढाईत कोरेमात्सुही होता. ऐंशीच्या घरातल्या या माणसाने हमदीच्या बाजूने न्यायालयात निवेदन दिलं.

काही महिन्यांत हमदीने नागरिकत्व सोडलं आणि सरकारने त्याला सौदी अरेबियात पाठवून दिलं. पाडिलाचा अर्ज हमदीचा निकाल लागला त्याच दिवशी, चुकीच्या जिल्ह्यात दाखल केला म्हणून, फेटाळला गेला होता. पुन्हा दाखल केलेलं प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारात पोहोचताच सरकारने त्याच्यावर साधा फौजदारी खटला भरला. त्याला पकडताना ज्या 'डर्टी बॉम्ब'च्या, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ पसरवणाऱ्या बॉम्बच्या, कटाचा इतका गाजावाजा झाला होता, त्याचा आरोपपत्रात उल्लेखही नव्हता. उत्तर द्यायची वेळ आली की कैदीच हलवायचा.

३१ डिसेंबर २०११ ला ओबामा यांनी संरक्षण खर्चाच्या विधेयकावर सही केली. त्याच्या १०२१ व्या कलमाने, अल कायदा, तालिबान किंवा त्यांच्या 'सहयोगी दलां'ना भरीव मदत करणाऱ्याला युद्ध संपेपर्यंत विनाखटला ठेवण्याचा अधिकार कागदावर आणला. युद्ध कधी संपणार, हे अर्थात कुणी लिहिलं नव्हतं. नागरिकांचं काय, यावर सिनेटमध्ये खडाजंगी झाली. वकील मागितला तर सांगा, गप्प बस, तुला वकील मिळणार नाही, असं लिंडसी ग्रॅहम सभागृहात म्हणाले. शेवटी ९९ विरुद्ध १ मतांनी जी दुरुस्ती झाली तिचा मथितार्थ एवढाच: नागरिकांबाबत आजवर जो कायदा आहे तोच राहील. तो कायदा नेमका काय, हाच तर वाद होता! आपलं सरकार नागरिकांना असं ठेवणार नाही, अशी ओबामांनी लेखी ग्वाही दिली. पुढच्या राष्ट्राध्यक्षाला ती बांधील नव्हती.

पत्रकार ख्रिस हेजेस न्यायालयात गेले, सोबत 'पेंटॅगॉन पेपर्स' ही गुप्त कागदपत्रं फोडणारे डॅनियल एल्सबर्ग आणि भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की. दहशतवादी म्हणवल्या जाणाऱ्यांच्या मुलाखती घेणं ही 'भरीव मदत' का, हा त्यांचा सवाल. न्यायाधीश कॅथरीन फॉरेस्ट यांनी तो सरकारी वकिलांना विचारला, तेव्हा या लोकांना पकडणार नाही अशी हमी त्यांना सुनावणीत देता आली नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये फॉरेस्ट यांनी कलमाच्या त्या भागाला कायमची मनाई केली. जुलै २०१३ मध्ये वरच्या न्यायालयाने ती उठवली: अर्जदारांना दाद मागण्याचा अधिकारच नाही.

दरम्यान राज्यांत वेगळीच युती जमली. २०१२ मध्ये व्हर्जिनियाने अशा कैदेला राज्याचं सहकार्य बंद केलं, २०१३ मध्ये कॅलिफोर्नियानेही. तिथलं विधेयक कट्टर रिपब्लिकन टिम डॉनेली यांचं, सही डेमोक्रॅट गव्हर्नर जेरी ब्राउन यांची.

सप्टेंबर २०१७ मध्ये आणखी एक नागरिक सीरियात सापडला आणि इराकमध्ये अमेरिकी लष्कराच्या कैदेत गेला. एसीएलयूने नाव न कळलेल्या माणसासाठी हेबियस कॉर्पस दाखल केला. त्याच्याशी बोलता यावं म्हणून न्यायालयाचा हुकूम मिळवावा लागला. खटल्याविना १३ महिने काढल्यावर, कैद कायदेशीर की बेकायदा याचा निकाल लागायच्या आत, ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याला बहारीनमध्ये सोडून देण्यात आलं.