मिलिटरीचा जुना रिकव्हरी ट्रक पासिंगला न्यायचाय? रंगाचा डबा उघडायच्या आधी हे वाचा

डायमंड टी ९६९, वॉर्ड लाफ्रान्स असले दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकन रिकव्हरी ट्रक युद्धानंतर सरप्लसमध्ये विकले गेले आणि पुढे कितीतरी वर्षं हायवेवर ब्रेकडाउन क्रेन म्हणून राबले. आता असा एखादा कुणाच्या तरी वाड्यात गंजत पडलेला सापडतो, माणूस हौसेने घेतो, पत्रा काम, रंग, टायर (डायमंड टीची साइज ९.००-२०, म्हणजे आपल्या जुन्या ट्रकचीच, त्यामुळे तिथे टायरची चिंता नाही) सगळं करतो आणि मग आरटीओत जाऊन तोंडावर आपटतो. कारण कागद सगळ्यात शेवटी बघितलेले असतात.

पहिला गैरसमज व्हिंटेज नोंदणीचा. जुलै २०२१ मध्ये केंद्राने १९८९ च्या मोटार वाहन नियमांत ८१ए पासूनचे नियम घातले. नंबरात व्हीए येतं, नवीन नोंदणीला २० हजार, पुन्हा नोंदणीला ५ हजार, आरसी दहा वर्षांची. बातम्यांत फक्त "५० वर्षं जुन्या टू व्हीलर, फोर व्हीलर" एवढंच आलं आणि लोकांनी ट्रकही त्यात धरला. नियम नीट वाचा, त्यात टू व्हीलर आहे आणि एम१ आहे, एम१ म्हणजे ड्रायव्हर सोडून आठ सीटपर्यंतची माणसं नेणारी गाडी, तीसुद्धा खाजगी वापराची. विलीज जीप यात बसेल, दहा टायरचा, मागे होम्स कंपनीचे दोन बूम (क्रेनचे दांडे) लावलेला डायमंड टी बसत नाही. काउंटरवर कुणी हे आधी सांगत नाही, फॉर्म घेतात आणि नंतर शेरा मारून परत करतात. जीपवाल्यांनी पण एक लक्षात ठेवा, ५० वर्षं मोजतात ती पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून. डॅशबोर्डवरच्या पट्टीवर १९४३ असलं तरी गाडी लिलावातून सुटून १९८५ ला पहिल्यांदा पासिंग झाली असेल तर २०३५ पर्यंत थांबा.

मग ट्रकवाल्याने करायचं काय? गाडीला जुनं आरसी बुक आहे का, यावर सगळं आहे.

असेल तर निम्मी लढाई जिंकली. त्यात वाहनाचा वर्ग काय लिहिलाय तो आधी बघा, गुड्स, क्रेन, ब्रेकडाउन व्हॅन, जे असेल त्यावर ठरतं की तुम्हाला दरवेळी फिटनेस काढायचा की नॉन ट्रान्सपोर्टसारखं फॉर्म २५ भरून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, मालक वारले असतील तर वारसाने आधी फॉर्म ३१, गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर तिथून फॉर्म २८ वर एनओसी. हे सगळे करतात. अडतं कुठे, तर हाताने लिहिलेलं जुनं बुक आरटीओच्या 'वाहन' नावाच्या ऑनलाइन सिस्टिममध्ये चढलेलंच नसतं, आणि सिस्टिममध्ये नाही म्हणून पीयूसी निघत नाही, इन्शुरन्सवाला पण नंबर टाकून बघतो आणि मान हलवतो. म्हणून सगळ्यात आधी मूळ आरटीओत बॅकलॉग एन्ट्रीचा, म्हणजे जुनी नोंद सिस्टिममध्ये चढवण्याचा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. पोच न घेता परत येऊ नका, एजंट सोबत असला तरी.

आरसी बुक कधी नव्हतंच, गाडी थेट आर्मीच्या लिलावातली आहे, तर त्याच १९८९ च्या नियमांतला नियम ४७ लागतो. फॉर्म २० (नोंदणीचा अर्ज) सोबत फॉर्म २१ (विक्रीचा दाखला) लागतो, आणि हा फॉर्म २१ संरक्षण खात्याच्या अधिकाऱ्याने दिलेला, ओरिजिनल लागतो, झेरॉक्स नाही. नेमका हाच कुणाकडे नसतो. लिलावात गाड्या घेतो भंगारवाला, फॉर्म मिळालाच तर त्याच्या नावाचा, आणि तुम्हाला तो देतो साध्या कागदावरची पावती. ती पावती आरटीओत चालत नाही, भंगारवाल्याने कितीही शपथ घेतली तरी. आणि लॉट भंगार म्हणून विकला असेल तर फॉर्म २१ विसराच. लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या साइटवर होतात, बोली लावायच्या आधी त्या लॉटच्या अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

दुसरी गोम मुदतीची. अर्ज गाडी ताब्यात घेतल्यापासून सात दिवसांत करायचा, त्यात फक्त प्रवासाचे दिवस वगळतात. लोक समजतात गाडी बनून तयार झाल्यापासून सात दिवस. नाही हो! रिस्टोरेशनला दोन वर्षं लागली तर ती दोन वर्षं उशीरच धरली जाते. गाडी उघडी पडलेली असली तरी अर्ज आधी ठोकून ठेवा.

इंजिनाचं बघा. डायमंड टीचं मूळचं हर्क्युलस आरएक्ससी, ५२९ घनइंचाचं पेट्रोल इंजिन, भयंकर पितं, त्यामुळे आपल्याकडे बऱ्याच गाड्यांत कधीतरी देशी डिझेल बसवलेलं असतं आणि बुकात अजून पेट्रोलच लिहिलेलं. इन्स्पेक्टर इंजिन नंबर जुळवतो तेव्हा हे उघडं पडतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली बदलाची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते, आणि कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही असं सांगणाऱ्या २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर आरटीओवाले अशा बदलांना हातच लावायला तयार नसतात. विकत घेतानाच बॉनेट उघडून नंबर बुकाशी ताडून बघा.

चेसिस नंबरचीही छाप घ्यावी लागते, त्यामुळे डेंटरला बजावून सांगा की त्या जागी ग्राइंडर लावायचा नाही, सँडब्लास्टिंगच्या आधी तिथे टेप मारायची. आकडे अर्धे पुसले की गाडी चोरीची की काय इथून चौकशी सुरू होते आणि फाइल महिनोन्महिने हलत नाही.

आता रंग. लोक इथेच सगळ्यात जास्त चिडतात. नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे. मिलिटरी ट्रक मिलिटरीच्याच रंगात नको हे ऐकायला कसंतरी वाटतं, पण मी लोकांना चकचकीत नवा हिरवा ट्रक पासिंगला आणून तसाच परत नेताना बघितलंय, रंगाचा खर्च दोनदा. हिरव्याच्या जवळपासची शेड पण नको, ती ऑलिव्ह आहे की नाही हे इन्स्पेक्टरच्या डोळ्यांवर सोडू नका. करडा किंवा वाळूचा रंग द्या. वर टोक केलेला बाण असलेली आर्मीची नंबर प्लेटही लावू नका, रॅलीपुरतीसुद्धा.

आणि पासिंग झाल्यावर गाडी शेडमध्येच उभी राहणार असेल तर गाडी वापरात नाही अशी सूचना आरटीओला आधीच द्या. नंतर दिलेली मागच्या काळाला लागू होत नाही, टॅक्स व्याजासकट अंगावर येतो.