बी-पेशी काय पाहते आणि टी-पेशी काय पाहते

‘प्रतिपिंडे आणि टी-पेशी शरीरात शिरलेल्या जंतूला ओळखतात’ हे वाक्य इतक्या लेखांत आणि इतक्या क्रमिक पुस्तकांत आढळते की ते चुकीचे ठरवणे उद्धटपणाचे वाटावे. तरीही ते निम्मेच खरे आहे. प्रतिपिंड, म्हणजे बी-पेशी नावाच्या पांढऱ्या रक्तपेशीने बनवलेले संरक्षक प्रथिन, जंतूला ओळखते. टी-पेशी ही दुसऱ्या प्रकारची पांढरी रक्तपेशी मात्र, निदान नेहमीची अल्फा-बीटा ग्राही (ओळख पटवणारा पृष्ठभागावरचा रेणू) असलेली टी-पेशी, अख्ख्या जंतूला कधीच पाहत नाही.

प्रतिपिंडांची बाजू बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून ती थोडक्यात सांगतो. बी-पेशीच्या पृष्ठभागावरचा ग्राही म्हणजे त्या पेशीचे स्वतःचे प्रतिपिंडच असते, फक्त पेशीपटलात रोवलेले. ते प्रतिजनाच्या, म्हणजे ओळखल्या जाणाऱ्या परक्या रेणूच्या, बाह्य आकाराला थेट चिकटते. त्याला प्रथिन चालते, शर्करासाखळी चालते, मेदरेणूही चालतो. दोन्ही पेशींमधले इतर फरक लोक तक्त्यात मांडून पाठ करतात, पण त्यांनी फारसा गोंधळ होत नाही. बी-पेशी अस्थिमज्जेत परिपक्व होते, टी-पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीमध्ये. बी-पेशीचा ग्राही स्रवला जातो, टी-पेशीचा नाही. ग्राहींमध्ये अफाट विविधता निर्माण करणारी जनुकखंडांची जुळणी दोन्हीकडे जवळपास सारखीच असते.

खरी अडचण पुढे आहे. टी-पेशीच्या ग्राहीसमोर प्रतिजन येतो तो तुकड्यांच्या रूपात, आणि तोही दुसऱ्या एखाद्या पेशीने एमएचसी रेणूच्या (पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे तुकडे मांडणाऱ्या रेणूच्या) खाचेत बसवून समोर धरलेला. पेशीच्या आत तयार झालेली प्रथिने, त्यांत विषाणूची प्रथिनेही आली, प्रोटिएसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या प्रथिने तोडणाऱ्या यंत्रणेत, चिरली जातात आणि त्यांचे साधारण 8 ते 10 अमिनो आम्लांचे तुकडे पहिल्या वर्गाच्या एमएचसीवर चढतात. बाहेरून गिळलेल्या प्रथिनांचे त्याहून लांब तुकडे दुसऱ्या वर्गाच्या एमएचसीवर चढतात. हे काम मुख्यतः डेंड्रायटिक पेशी, महाभक्षक पेशी आणि स्वतः बी-पेशी करतात. पहिला वर्ग सीडी8 पेशींसाठी (संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या टी-पेशी) आणि दुसरा सीडी4 पेशींसाठी (इतर पेशींना मदत करणाऱ्या टी-पेशी) असतो. वर्ग आणि सीडीचा आकडा यांचा गुणाकार दोन्ही वेळा आठच येतो, ही विद्यार्थ्यांची युक्ती परीक्षेपुरती उत्तम आहे, पण तिच्या भरवशावर राहणाऱ्याला हा तुकडा मुळात का लागतो, हे सहसा सांगता येत नाही.

याचा पहिला परिणाम असा की प्रथिनाची घडी मोडली तर दोन्ही ओळखींवर सारखा परिणाम होत नाही. प्रतिपिंड बहुधा अशा जागेला चिकटते जी साखळीच्या दूरदूरच्या भागांनी घडी पडल्यावर एकत्र येऊन बनवलेली असते. घडी उलगडली की ती जागाच नाहीशी होते. टी-पेशीला मात्र ओळीने येणारी अमिनो आम्ले पुरतात, कारण तिच्यापर्यंत प्रथिन पोहोचते तेव्हा त्याची घडी आधीच मोडलेली असते. गेल आणि बेनासेराफ यांनी 1959 मध्ये गिनीपिगांवर केलेल्या प्रयोगांत विकृत केलेली, म्हणजे घडी मोडलेली, प्रथिनेही विलंबित अतिसंवेदनशीलता, म्हणजे टी-पेशींची प्रतिक्रिया, घडवून आणू शकतात, असे दिसले होते. त्याचा उलगडा पुढे बऱ्याच वर्षांनी झाला.

दुसरा परिणाम असा की टी-पेशीला विषाणूच्या पोटातली प्रथिनेही दिसतात. फ्लूच्या विषाणूचे न्यूक्लिओप्रोटीन अखंड विषाणूकणात आत दडलेले असते आणि त्या कणाला रोखू पाहणाऱ्या प्रतिपिंडाला ते सापडत नाही. संसर्ग झालेल्या पेशीच्या एमएचसीवर मात्र त्याचे तुकडे येतात, आणि त्यांवरून सीडी8 पेशी ती पेशी नष्ट करते.

तिसरी गोष्ट सर्वांत जास्त वेळा सुटते. टी-पेशी तुकडा आणि तो धरणारा एमएचसी रेणू यांना मिळून ओळखते. झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी 1974 मध्ये कॅनबेरा येथे उंदरांवर दाखवले की विषाणूविरुद्ध तयार झालेल्या टी-पेशी त्याच विषाणूने ग्रासलेल्या, पण वेगळ्या एमएचसीच्या उंदराच्या पेशींना मारत नाहीत. या कामाला 1996 चे नोबेल मिळाले. ‘कुलूप आणि किल्ली’चे चित्र काढून दोन्ही ओळखी एकदमच समजावून देण्याची जी सवय आहे, ती मला म्हणूनच अजिबात पटत नाही: प्रतिपिंडाला ते चित्र कसेबसे लागू पडते, पण टी-पेशीच्या बाबतीत तिसरा भागीदार असलेला एमएचसी रेणू त्यातून गायबच होतो.

दोन्ही ओळखी वेगळ्या असूनही त्या एकमेकींत अडकलेल्या आहेत, आणि हे लक्षात आले की संयुग्म लसींचे, म्हणजे शर्करा प्रथिनाला जोडून केलेल्या लसींचे, गणित सुटते. हिमोफिलस इन्फ्लुएंझा टाइप बी या जिवाणूच्या आवरणातली शर्करासाखळी बी-पेशीला नीट दिसते, पण ती एमएचसीच्या खाचेत प्रथिनाच्या तुकड्यासारखी बसत नसल्याने टी-पेशीची मदत मिळत नाही. त्यामुळे नुसत्या शर्करेच्या लसीला दोन वर्षांखालील बालके नीट प्रतिसाद देत नाहीत. तीच शर्करा धनुर्वाताच्या टॉक्सॉइडसारख्या (निरुपद्रवी केलेल्या विषासारख्या) प्रथिनाला जोडली की शर्करेला चिकटलेली बी-पेशी सगळा जोड गिळते, प्रथिनाचे तुकडे दुसऱ्या वर्गाच्या एमएचसीवर मांडते, आणि ते तुकडे ओळखणारी सीडी4 पेशी तिला मदत करते. शर्करेविरुद्ध टिकाऊ प्रतिपिंडे तयार होतात ती धनुर्वाताच्या प्रथिनाचा तुकडा ओळखणाऱ्या टी-पेशीच्या मदतीने. शर्करा ओळखण्याचे काम बी-पेशीने एकटीने केलेले असते.