सर्वे नंबर आणि प्रायमरी की

बेळगाव-खानापूर भागात कुणाला डेटाबेस शिकवायचा झाला तर मी आधी शेताचा उतारा घेऊन यायला सांगतो. खातेदाराच्या नावावरून जमीन सापडेलच असं नाही, एकेका गावात एकाच नावाचे चार पाटील निघतात. पण गाव, सर्वे नंबर आणि हिस्सा सांगा, बरोबर तोच तुकडा समोर येतो. प्रायमरी की, म्हणजे तक्त्यातली नेमकी एकच ओळ ओळखणारी खूण, ती हीच.

ही पद्धत संगणकाच्या कितीतरी आधीची. 1835 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इंदापूरकडून मोजणी सुरू केली, आणि पुढे मुंबई इलाखाभर शेतांना नंबर पडले. बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात. 1 नोव्हेंबर 1956 ला जिल्हा म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला. सातबारा पलीकडे राहिला, इकडे पहाणी, म्हणजे तिथला जमिनीचा उतारा, आली, तीही कन्नडमध्ये. शेत ओळखायची रीत मात्र नंबराचीच राहिली.

संगणकवाल्यांना हे उशिरा सुचलं म्हणायचं! 1960 च्या दशकात आयबीएमने अपोलो मोहिमेसाठी आयएमएस हा डेटाबेस घडवला, त्यात माहिती झाडासारखी रचलेली. फांदीफांदीने उतरल्याशिवाय पान हाती लागत नसे. 1970 मध्ये तिथल्याच एडगर कॉड यांनी साधे तक्ते मांडले: ओळी, रकाने, आणि दोन तक्ते जोडायला सामाईक किंमत. 1974 मध्ये आयबीएमच्याच चेंबरलिन आणि बॉइस यांनी त्यासाठी सीक्वेल ही भाषा मांडली. पुढे ती एसक्यूएल झाली. गंमत म्हणजे ही भाषा घेऊन बाजारात आधी उतरला तो 1979 मध्ये ओरॅकल हा डेटाबेस, आयबीएम मागून आली. आपल्याकडच्या क्लासांत पोचेपर्यंत डीबेस आणि फॉक्सप्रो हे पीसीवरचे डेटाबेस आले होते.

2000 च्या आसपास कर्नाटकाने ‘भूमी’ प्रकल्पात सुमारे 2 कोटी पहाण्या संगणकावर चढवल्या. त्याआधी हे दप्तर गावोगावच्या ग्रामलेखापालाकडे (आपल्या तलाठ्यासारखा) असे. आता पडद्यावर जिल्हा, तालुका, होबळी (तालुक्याचा एक भाग), गाव, सर्वे नंबर, मग ‘सर्नाक’ (सर्वे नंबराला जोडलेली उपखूण) आणि हिस्सा. सर्नाकच्या चौकटीत बहुतेकदा नुसता तारा असतो, तरी तो निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अनेक रकाने मिळून एक की होते, हे पोरांना इथे लगेच पटतं.

2014 मध्ये जिल्ह्याचं नाव बेळगावी झालं. ज्यांनी जिल्ह्यांचा वेगळा तक्ता करून बाकी सगळीकडे फक्त कोड ठेवला होता, त्यांनी एक ओळ बदलली. ज्यांनी प्रत्येक ओळीत नाव टाइप केलं होतं, त्यांच्या यादीत बेलगाम, बेळगाव आणि बेळगावी असे तीन जिल्हे नांदतात.