पांढरं रेशनकार्ड आहे? तरीही आरोग्यमित्राकडे जाच

‘आपलं कार्ड पांढरं, आपल्याला जनआरोग्य योजना नाही.’ रुग्णालयाच्या व्हरांड्यात हे वाक्य इतक्या खात्रीने सांगितलं जातं, की नातेवाईक चौकशीच करत नाहीत आणि थेट दागिने गहाण टाकायला निघतात.

हा समज पूर्वी बऱ्याच अंशी खरा होता. 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 8 जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा ती मुख्यतः पिवळ्या आणि केशरी कार्डधारकांसाठीच होती. पुढे तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झालं. 2023 च्या शासन निर्णयाने मात्र ती राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली झाली, पांढऱ्या कार्डासह. मोफत उपचारांची दीड लाखाची मर्यादाही प्रति कुटुंब प्रतिवर्ष 5 लाखांवर गेली. नियम बदलला, पण व्हरांड्यातलं वाक्य तेच राहिलं.

अर्थात, सगळेच आजार आणि सगळीच रुग्णालयं यात येत नाहीत. म्हणूनच योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेबाबत रुग्णांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याचा, कक्ष असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन, शक्यतो दाखल होतानाच, त्याला भेटा. बिल भरून झाल्यावर मार्ग अवघड होतो. कक्ष सापडला नाही तर योजनेच्या 155388 या हेल्पलाइनवर फोन करा.

रुग्णालय धर्मादाय असेल तर तिथल्या वैद्यकीय समाजसेवकालाही विचारा. तिथे 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही.