अमेरिकेतल्या निसर्गवाटांवर मोटरची खुर्ची: परवानगी कोणाला, कागद कोणते

भारतातून आलेल्या आई-बाबांना किंवा घरातल्या अपंग व्यक्तीला पॉवर व्हीलचेअर, अपंगांसाठीची बॅटरीची स्कूटर किंवा सेगवे (उभं राहून चालवायचं विजेवरचं दोनचाकी वाहन) घेऊन ट्रेलवर न्यायचं असेल, तर आपण सवयीने आधी फॉर्म शोधतो. कायद्याने त्यासाठी एकच असा ठरलेला फॉर्म ठेवलेला नाही. दोन गोष्टी ठरल्या की बाकीचं सोपं होतं. वाहन कोणतं आहे? आणि जमीन कोणाची आहे?

आधी वाहन. मुख्यतः चालता न येणाऱ्या माणसासाठीच बनवलेली खुर्ची किंवा स्कूटर, मग ती हाताची असो वा बॅटरीची, कायद्याच्या लेखी व्हीलचेअर ठरते. जिथे पायी माणसं जातात तिथे ती जाऊ शकते. सेगवे, गोल्फ कार्ट यांसारखी वाहनं मुळात अपंगांसाठी बनवलेली नसतात, पण अपंग व्यक्ती ती वापरते. अशा वाहनांसाठी एडीए (अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट) या अपंगांच्या हक्कांच्या कायद्याखाली वेगळा नियम आहे आणि तो 15 मार्च 2011 पासून लागू आहे. राज्याच्या, काउंटीच्या आणि शहराच्या पार्कना तो लागू होतोच, शिवाय लोकांसाठी खुल्या असलेल्या खासगी संस्थांच्या वाटांनाही होतो.

या नियमाप्रमाणे अशी वाहनं चालू द्यायची, हे मूळ धोरण आहे. नाही म्हणायचं तर कारण पार्कने दाखवायचं असतं. वाहनाचा आकार, वजन आणि वेग, वाटेवरची गर्दी, वाटेची रचना, सुरक्षितता, आणि निसर्गाला किंवा ऐतिहासिक ठेव्याला गंभीर इजा होण्याचा धोका, एवढंच पाहायचं असतं. तेही त्या प्रकारच्या वाहनाबद्दल, तुमच्याबद्दल नाही. त्यामुळे एखाद्या अरुंद पुलाच्या वाटेवर सेगवे चालेल पण गोल्फ कार्ट चालणार नाही, असा निर्णय योग्य असू शकतो. वेगाची मर्यादाही घालता येते. ‘कोणाला तरी धक्का लागेल’ एवढ्या अंदाजावर मात्र बंदी टिकत नाही.

कागदपत्रांचं म्हणाल तर आपल्याकडच्या सिव्हिल सर्जनच्या दाखल्याची सवय इथे सोडून द्यावी. व्हीलचेअर असेल तर ती का लागते हे कोणी विचारू शकत नाही. सेगवेसारखं वाहन असेल तर ‘अपंगत्वामुळे हे लागतं’ याची खात्री मागता येते, पण आजार कोणता, किती, हे विचारता येत नाही. राज्य सरकारने दिलेलं अपंगांचं पार्किंग प्लॅकार्ड किंवा तसंच राज्याचं ओळखपत्र दाखवलं की पुरतं. ते नसेल तर तोंडी सांगणंही ग्राह्य धरावं लागतं, फक्त समोर दिसणाऱ्या गोष्टीशी ते विसंगत नको. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या बाबांकडे प्लॅकार्ड कुठून असणार? त्यांचं तोंडी सांगणं चालतं. नागरिकत्वाची अट या नियमात नाही.

तरी जाण्याआधी पार्कच्या ऑफिसला ईमेल करावा. वाहनाचं मॉडेल, रुंदी, वजन आणि कमाल वेग लिहून त्यांचं लेखी धोरण मागवावं. गेटवर वाद घालण्यापेक्षा फोनमधला ईमेल दाखवणं केव्हाही बरं.

आता जमीन. नॅशनल पार्क किंवा नॅशनल फॉरेस्ट म्हणजे केंद्र सरकारची जमीन. तिथे एडीएऐवजी 1973 च्या पुनर्वसन कायद्याचं, अपंगांशी भेदभाव रोखणारं कलम 504 लागू होतं. व्हीलचेअरला अडचण नसते, पण सेगवेबद्दल त्या त्या पार्कला विचारावंच लागतं. ‘विल्डरनेस’, म्हणजे नैसर्गिक अवस्थेतच राखायचा प्रदेश, म्हणून घोषित भागात 1964 च्या कायद्याने मोटरला बंदी आहे. तिथे व्हीलचेअरला सूट आहे, पण खुर्ची फक्त अपंगांसाठी बनवलेली हवी आणि घरात, इमारतीतही वापरण्याजोगी हवी. दारातून आत न मावणारी अवजड खुर्ची या व्याख्येत बसणं कठीण. शिवाय वाट रुंद किंवा सपाट करून देण्याचं बंधन तिथे सरकारवर नाही.

प्रवेश शुल्कासाठीचा ॲक्सेस पास ही वेगळी गोष्ट आहे, त्याची गल्लत करू नका. तो आयुष्यभर चालतो, मात्र अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकांनाच मिळतो आणि अपंगत्व कायमस्वरूपी असावं लागतं. एच-वन-बी किंवा व्हिजिटर व्हिसावाल्यांना तो नाही. ओळख आणि नागरिकत्व वा निवासाच्या पुराव्यासोबत डॉक्टरांचं पत्र, किंवा सोशल सिक्युरिटीच्या अपंगत्व लाभाचा कागद, किंवा राज्याच्या पुनर्वसन विभागाचा दाखला जोडायचा. पास देणाऱ्या पार्कमध्ये प्रत्यक्ष जाऊन घेतला तर फुकट. स्टेट पार्कमध्ये हा पास चालत नाही.

स्वतःची खुर्ची दगडधोंड्यांवर चालणारी नसेल, तर मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो मार्ग म्हणजे पार्कचीच ट्रॅक-चेअर. रणगाड्यासारखे पट्टे असलेली ही खुर्ची जॉयस्टिकने चालते आणि खडी, चिखल, मुळं ओलांडते. कोलोरॅडोतल्या स्टॉन्टन स्टेट पार्कमध्ये 2017 पासून ती विनाशुल्क मिळते. आरक्षण करावं लागतं, वाटा ठरलेल्या असतात, सोबत स्वयंसेवक येतो. पार्कचं प्रवेश शुल्क वेगळं. जॉर्जियाच्या काही स्टेट पार्कमध्येही 2022 पासून अशा खुर्च्या आहेत, तिथे आधी प्रशिक्षण पूर्ण करून मग तारीख घ्यावी लागते. मिशिगन आणि मिनेसोटातही सोय आहे.

राज्य वा स्थानिक पार्कने कारण न देता अडवलं, तर तारीख, वेळ, वाटेचं नाव आणि काय सांगितलं ते लगेच लिहून ठेवा आणि न्याय विभागाच्या एडीए संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. मुदत घटनेपासून 180 दिवसांची आहे. तक्रारीला शुल्क नाही, वकीलही लागत नाही.