संशोधकाचा महिना कोण भरतो? शिक्षण आणि पर्यावरणातल्या पाठ्यवृत्त्यांची पार्श्वभूमी

शिक्षण आणि शाश्वत विकास या जोडविषयात पीएचडी करायची म्हटली की ठाणे-नवी मुंबईतल्या विद्यार्थिनीपुढे विषयाच्या आधी महिन्याच्या खर्चाचा प्रश्न उभा राहतो. कळव्यात किंवा घणसोलीत भाड्याने राहणारे कुटुंब चार-पाच वर्षे कमाईविना मुलीला संशोधनाला बसवू शकत नाही. परदेशी विद्यापीठांच्या जाहिराती वाचल्या तर तिथे प्राध्यापकाच्या प्रकल्पात जागा निघालेली असते, फी माफ असते, दरमहा स्टायपेंड असतो. इथे आधी परीक्षा, मग फेलोशिप, मग गाइड, आणि या तिन्हींचा मेळ बसला तर काम. श्रीमंत देश आणि गरीब देश एवढ्यावर हा फरक उलगडत नाही. पैसा माणसाला द्यायचा की कामाला, या प्रश्नाची दोन निराळी उत्तरे दोन ठिकाणी रुजली आणि त्यांचे परिणाम आजच्या विद्यार्थ्याला भोगावे लागतात.

आपल्याकडची रीत विद्वानांना दिल्या जाणाऱ्या दक्षिणेपासूनची आहे. तळेगावच्या दाभाड्यांनी श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटायची प्रथा पाडली आणि पुढे पेशव्यांनी ती पुण्यात मोठ्या प्रमाणावर चालवली. पेशवाई गेल्यावर इंग्रज सरकारने त्या रकमेतला काही भाग विद्येकडे वळवला. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेली संस्कृत पाठशाळा याच पैशावर उभी राहिली. १८४९ मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्या बरोबरीच्या तरुणांनी सरकारकडे अर्ज केला की या निधीतला काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना मिळावा. पुण्यात त्यावरून मोठा गदारोळ उठला. अर्जदारांच्या पाठीशी जोतीराव फुले उभे राहिले, असे चरित्रकार सांगतात. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. विद्येसाठी ठेवलेला सार्वजनिक पैसा कोणाच्या आणि कोणत्या विद्येसाठी, हा प्रश्न महाराष्ट्रात जाहीरपणे लढला गेला तो तेव्हा. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्याच निधीतून ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते.

पुढच्या पिढीत संस्थानिक आणि उद्योगपती आले. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी निधी उभारला, तो कर्जाऊ होता. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड दिले आणि बदल्यात बडोद्याच्या नोकरीत दहा वर्षे राहण्याचा करार करून घेतला. अट कडक होती, पण कोणत्या प्रश्नावर लिहायचे हे आंबेडकरांच्या हाती राहिले. माणसाला पैसा देण्याच्या पद्धतीची खरी ताकद इथे दिसते.

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोग (यूजीसी) १९५३ मध्ये सुरू झाला आणि १९५६ मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला. त्यानेही हीच पद्धत उचलली. १९८४ पासून ज्युनिअर रिसर्च फेलोशिपसाठी (जेआरएफ) राष्ट्रीय परीक्षा आली आणि १९८९ पासून ही परीक्षा, म्हणजे ‘नेट’, प्राध्यापकपदाच्या पात्रतेलाही जोडली गेली. जेआरएफची रक्कम २०१४ च्या अखेरीस महिना २५,००० रुपये झाली, २०१९ पासून ३१,००० आणि १ जानेवारी २०२३ पासून ३७,००० झाली. दोन वर्षांनंतर सीनिअर रिसर्च फेलोशिप (एसआरएफ) म्हणून ४२,००० मिळतात, शिवाय घरभाडे भत्ता. आकडा बरा दिसतो, पण तो वेळेवर खात्यात पडेल याची खात्री नसते. महिनोन्महिने फेलोशिप अडकली म्हणून उसनवारी करणारे संशोधक आपल्या ओळखीपाळखीत सापडतातच.

अमेरिकेत दोन्ही वाटा निघाल्या. १८७६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ सुरू झाले ते वर्षाला ५०० डॉलरच्या वीस फेलोशिप घेऊनच, म्हणजे तिथेही सुरुवात माणसाला पैसा देण्यापासून झाली. पण १८८७ च्या हॅच कायद्याने राज्याराज्यांत कृषी प्रयोग केंद्रांना सरकारी पैसा मिळू लागला. पिकांवरचे आणि मातीवरचे ठरलेले प्रयोग करायला सहायक हवे होते, आणि विद्यार्थी पगार घेऊन ते करू लागले. १९५० मध्ये संशोधनाला सरकारी अनुदान देणारे नॅशनल सायन्स फाउंडेशन आल्यावर ही पद्धत देशभर पसरली. प्राध्यापक अनुदान मिळवतो, त्यातच विद्यार्थ्याचा स्टायपेंड आणि फी धरलेली असते आणि विद्यार्थी आठवड्याला साधारण २० तास त्या प्रकल्पावर काम करतो. हीच ‘रिसर्च असिस्टंटशिप’. जर्मनीत आणि स्वीडनमध्ये पीएचडी करणारा बहुधा विद्यापीठाचा कर्मचारीच असतो, त्याला पगारी रजा आणि विमाही मिळतो.

कामाला पैसा देण्यात एक धोकाही आहे. काम बंद झाले की माणूस रस्त्यावर येतो. २०२५ मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशनने हजाराहून जास्त अनुदाने मध्येच रद्द केली आणि सर्वांत मोठा फटका विज्ञानशिक्षणाच्या विभागाला बसला. परदेशातल्या जागेसाठी अर्ज करणाऱ्याने पैसा विद्यापीठाचा आहे की अनुदानाचा, आणि अनुदान कोणत्या वर्षी संपते, हे प्राध्यापकाला पहिल्याच ई-मेलनंतर विचारायला हवे. त्यात संकोच कसला.

आता विषयाकडे. शिक्षणशास्त्रात मुंबई विद्यापीठ देशात आघाडीवर होते. एम.एड. ची पदवी इथे १९३६ मध्येच सुरू झाली. त्याच्या पुढच्याच वर्षी वर्ध्यात नई तालीमची मांडणी झाली. हाताचे काम, परिसर आणि शिक्षण एकत्र बांधणारा तो विचार होता. आज ज्याला शाश्वततेचे शिक्षण म्हणतात त्याचे बीज त्यात आहे, असे मी ठामपणे म्हणेन. पण विद्यापीठातले एम.एड. आणि वर्ध्याची शाळा एकमेकांपासून लांबच राहिली. जे. पी. नाईकांनी १९४८ मध्ये मुंबईत भारतीय शिक्षण संस्था काढली ती शिक्षणातल्या संशोधनासाठीच. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून त्यांनी देशाच्या शिक्षणाचा आराखडा लिहिण्यात मोठा वाटा उचलला, आणि १९६९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचेही ते पहिले सदस्य-सचिव झाले. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले अध्यक्ष. सामाजिक शास्त्रांच्या संशोधकाला आज जी डॉक्टरल फेलोशिप मिळते, तिच्या मुळाशी ही दोन मराठी माणसे आहेत.

आणि प्रत्यक्ष काम आपल्या ठाणे जिल्ह्यात चालले होते. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. ही गावे २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेली, पण तेव्हा तो ठाणे जिल्हाच होता. वारली मुले गुरे राखायला जात, शाळेत येऊ शकत नसत, म्हणून अनुताईंनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा ती हीच. शिंपले, बिया, पाने, खडे ही शिकवण्याची साधने झाली. मुले अंगणात येत नाहीत तर आपण त्यांच्या अंगणात जाऊ, या विचारातून अंगणवाडी घडली आणि १९७५ मध्ये केंद्राच्या एकात्मिक बाल विकास योजनेत हे नाव देशभर गेले. परिसरातून शिकवण्याचा इतका मोठा प्रयोग, पण त्याच्याशेजारी बसून वर्षानुवर्षे नोंदी ठेवणारा पगारी संशोधक त्या टेकडीवर नेमणारी व्यवस्था आपल्याकडे नव्हती. अनुताई १९९२ मध्ये गेल्या. त्यांनी स्वतः लिहून ठेवले तेवढे आपल्या हाती आहे, आणि कुरणशाळेतल्या मुलांचे पुढे काय झाले याचा नीट अभ्यास व्हायला हवा होता याची मला आजही हळहळ वाटते.

वाशीचा खाडीपूल ओलांडला की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र लागते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने (टीआयएफआर) १९७४ मध्ये ते सुरू केले. वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली केंद्राचा पहिला मोठा ग्रामीण प्रकल्प जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याला झाला. इथे विज्ञानशिक्षणात पीएचडी करता येते आणि निवड झालेल्या विद्यार्थ्याला संस्थेकडून फेलोशिप मिळते, म्हणजे पैसा जागेलाच जोडलेला असतो. हा तिसरा प्रकार आपल्या भागात इतक्या जवळ आहे, तरी एम.एड. झालेल्या अनेकांना आणि पर्यावरणात एम.एस्सी. झालेल्यांनाही त्याची कल्पना नसते. शेजारच्या देवनारला टाटा समाजविज्ञान संस्थेने (टिस) २००६ मध्ये, होमी भाभा केंद्र आणि एकलव्य यांसारख्या संस्थांना बरोबर घेऊन, प्राथमिक शिक्षणातले एम.ए. सुरू केले.

पर्यावरण शिक्षणाची सरकारी वाट वेगळीच निघाली. १९७२ ची स्टॉकहोम परिषद, १९७७ ची तिबिलिसी परिषद, १९९२ च्या रिओ परिषदेतल्या अजेंडा २१ चे छत्तिसावे प्रकरण, २००५ ते २०१४ हे संयुक्त राष्ट्रांचे शाश्वत विकासासाठी शिक्षणाचे दशक, आणि २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांमधले ४.७ हे लक्ष्य, असे तिचे जगातले टप्पे. भारतात मात्र बदल घडवला तो न्यायालयाने. पर्यावरणाचे खटले लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण विषय शाळा-कॉलेजांत सक्तीचा करण्याचा आदेश दिला, आणि अंमलबजावणी रेंगाळल्यावर २००३ मध्ये पुन्हा कान उपटले. मग यूजीसीचा पदवीचा सक्तीचा अभ्यासक्रम आला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या इराच भरुचांनी लिहिले. विषय लाखो मुलांपर्यंत पोहोचला, पण तो कसा शिकवला जातो, मुलांच्या डोक्यात काय उतरते, प्रकल्पवही कोण लिहिते, हे तपासायला वेगळ्या संशोधन-जागा निघाल्या नाहीत. आदेश शिकवण्याचा होता, त्यामुळे पैसाही शिकवण्यापुरताच आला. ‘नेट’मध्ये आजही शिक्षणशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र हे दोन स्वतंत्र विषय आहेत. खाडीकाठच्या शाळेत कांदळवन कसे शिकवले जाते, हा प्रश्न घेऊन येणारीने नेमके कशात बसायचे? एका बाजूचा गाइड म्हणतो हे विज्ञान नाही, दुसऱ्या बाजूचा म्हणतो यात अध्यापनपद्धती कुठे आहे.

पाठ्यवृत्त्या वाढल्या किंवा टिकल्या त्या मागणी करणाऱ्यांमुळे. यूजीसीने ऑक्टोबर २०१५ मध्ये केंद्रीय विद्यापीठांतली ‘नेट’ नसलेल्यांची फेलोशिप बंद करायचे ठरवले तेव्हा विद्यार्थी दिल्लीत आयोगाच्या दारात जाऊन बसले. २०१९ ची वाढ देशभरातल्या संशोधकांच्या आंदोलनानंतर मिळाली. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद फेलोशिप २००९ मध्ये सुरू झाली आणि २०२२ मध्ये बंद केली गेली. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत, आणि ठाणे जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत पहिली पीएचडी त्यांच्यामुळे होते आहे. २०२३ मध्ये बार्टीच्या संशोधकांना आझाद मैदानावर बसावे लागले.

राज्यातली ही सारी मदत माणसाला मिळणारी आहे आणि ती तशीच राहायला हवी. विषय निवडायचे स्वातंत्र्य त्यातच आहे. उणीव आहे ती स्थानिक कामाला जोडलेल्या जागांची. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा २०१५ चा, रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, २०२२ चा. ऐरोलीला किनारी जैवविविधता केंद्र आहे, तिथे शाळांच्या सहली जातात. येऊरच्या पाड्यांवरची मुले राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला शिकतात. महापालिकांना दरवर्षी ३१ जुलैपर्यंत पर्यावरण सद्यस्थिती अहवाल मांडावा लागतो, त्यात हवा, पाणी, आवाज, कचरा यांची मोजमापे येतात. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिका स्वतःच्या शाळा चालवतात. या अहवालालाच जोडून प्रत्येक महापालिकेने दोन संशोधन-जागा काढाव्यात, यूजीसीच्या दराने, चार वर्षांच्या, गाइड मुंबई विद्यापीठाचा किंवा मानखुर्दच्या केंद्राचा. महापालिकेच्या शाळांतली मुले खाडी, कचरा आणि पाणी यांबद्दल काय शिकतात आणि घरी काय नेतात, याची दरवर्षीची नोंद त्या जागांवरच्या संशोधकांनी अहवालात लिहावी. आजच्या दराने एका जागेची पहिल्या वर्षीची पाठ्यवृत्ती घरभाडे भत्ता सोडून ४ लाख ४४ हजार रुपये होते.