सिम बदललं म्हणजे फोन बदलला नाही

‘सिम काढ, नव्या फोनात घाल, सगळे नंबर आपोआप येतात.’ हा सल्ला नोकियाच्या बटणांच्या फोनांपासून घरोघरी चालत आलाय. तेव्हा तो बऱ्यापैकी खराही होता, कारण नंबर सिमवरच साठवले जायचे. तेही साधारण अडीचशे, एका नावाला बहुधा एकच नंबर, आणि नाव लांब असेल तर अर्धवट कापलेलं. ‘सुरेश प्लंब’ आठवतोय ना?

आजच्या स्मार्टफोनात नंबर सहसा गूगल किंवा अ‍ॅपलच्या खात्यात किंवा फोनच्या मेमरीत जातात. सिमचं खरं काम वेगळंच: त्यात तुमचा ग्राहक क्रमांक असतो (भारतात ४०४ किंवा ४०५ ने सुरू होणारा) आणि एक गुप्त किल्ली, जिच्यावरून नेटवर्क तुम्हाला ओळखतं. फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पा तिथे नसतातच. त्यांचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो.

उलट गैरसमजही आहे, नव्या फोनाला नवं सिम लागतं हा. चालू सिम तसंच वापरा. अगदी जुनं मोठं सिम नॅनोच्या खाचेत बसत नसेल तर कात्री चालवू नका, कंपनीच्या दुकानातून त्याच नंबरचं बदलून घ्या. मात्र बदललेल्या सिमवर सुरुवातीचे २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणजे बँकेचा ओटीपीही नाही. वीजबिलाच्या शेवटच्या तारखेला हे काम काढू नका.

आणि जुना फोन विकताना फक्त सिम काढून भागत नाही. फोटो आतच राहतात.